शेऱ्याला जागा नाही

कॉमर्स शिकलेल्या माणसाचा देवावर विश्वास असो-नसो, शेऱ्यावर असतो. जर्नलमध्ये नोंद केली की खाली कंसात 'बीइंग' म्हणून कारण लिहायचं. रक्कम किती, हे आकडा सांगतो. ती का, हे शेरा सांगतो. माणसाची बदली झाली की त्याच्या खुर्चीत येणाऱ्याला तेवढाच आधार.

म्हणून संगणकातल्या 'शेल' या गृहस्थांविरुद्ध माझी तक्रार आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल आला, १९८९ साली 'बॅश' आला. घराण्याचा स्वभाव तोच. हुकूम लांबला, तर ओळीअखेर उलटी तिरकी रेघ मारायची, म्हणजे 'पुढे चालू'. त्या रेघेनंतर काही खपत नाही; नुसती मोकळी जागा राहिली तरी सोयरीक मोडते. बरं, शेरा रेघेच्या आधी लिहावा, तर हॅशचं चिन्ह दिसताच शेल पुढचं वाचणंच सोडतो. त्यात रेघही गेली!

'आरसिंक' हा फायलींच्या नकला करणारा कारकून. त्याला 'डिलीट' सांगितलं, की मुळात नसलेल्या फायली तो नकलेतूनही पुसतो. शहाणा माणूस म्हणून आधी 'ड्राय रन' जोडून तालीम करतो. आता समजा, पहिल्या ओळीत सगळा हुकूम, मग शेरा, मग रेघ आणि दुसऱ्या ओळीवर 'ड्राय रन'. शेल पहिली ओळ खरीखुरी अमलात आणतो, फायली पुसून मोकळा होतो आणि मग गंभीरपणे कळवतो, की 'ड्राय रन' नावाचा हुकूम सापडत नाही! म्हणजे चेकचे पैसे मोजून दिल्यावर कॅशियरने हाक मारावी, "अहो, हे 'स्टॉप पेमेंट' कोण? सापडत नाहीत!"

आणि याला समजत नाही असंही नाही. ओळ पाइपच्या उभ्या रेघेवर संपली, तर वाक्य अपुरं आहे हे त्याला बरोबर कळतं. तिथे पुढे खुशाल शेरा लिहा. उलट्या अवतरणचिन्हांत शेरा कोंडायचीही युक्ती आहे, पण मग त्या शेऱ्यावर दुसरा शेरा लिहावा लागतो. सरळ मार्ग एकच. बॅशमध्ये सगळे पर्याय आधी कंसात, एकाखाली एक मांडावेत, प्रत्येकापुढे कारण लिहावं आणि मग ती यादी हुकुमाला जोडावी.

कंसात! आमचे मास्तर वेगळं काय सांगत होते?