ठरवून वाईट, मनापासून वाईट

‘शार्कनाडो’चे सहा भाग २०१३ ते २०१८ या काळात आले आणि फसलेल्या चित्रपटांवर प्रेम करण्याच्या सवयीची त्यांनी पार वाट लावली. वावटळीतून शार्क उडत येतात, नायक करवत घेऊन एकाच्या पोटात शिरतो आणि हे सगळं ‘बघा, आम्ही किती टुकार आहोत’ असं डोळा मारत. तेव्हापासून टुकारपणा हा रीतसर धंदा झाला आहे. माझा राग या धंद्यावर आहे. इथे हसवायचं कंत्राट दिग्दर्शकाने आधीच घेतलेलं असतं आणि विनोदी चित्रपट म्हणून पाहिलं, तर हे विनोदी चित्रपटही वाईटच आहेत.

खरा फसलेला चित्रपट हसवायला निघालेला नसतो. १९६६चा ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ घ्या. टेक्सासमधल्या एल पासो गावात विमा आणि खतं विकणाऱ्या हॅरॉल्ड वॉरनने पैजेवर हा भयपट काढला. कॅमेरा चावीचा, एका दमात फार तर ३२ सेकंद चालणारा. आवाज नोंदवायची सोयच नव्हती, म्हणून सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मोजक्या माणसांनी दिले. त्यात एक प्रसंग आहे. रात्री गोळीचा आवाज येतो, दोन पोलीस गाडीतून उतरतात, विजेऱ्या रोखून चार पावलं टाकतात, अंधारात बघतात आणि परत गाडीत जाऊन बसतात. तपास संपला! दर वेळी मी इथे खो-खो हसतो. पण पोलीस पुढे जाणार तरी कसे? दिव्यांचा उजेडच त्यापलीकडे पोचत नव्हता. रात्रीच्या इतर दृश्यांत त्याच दिव्यांवर झेपावणारी पाखरं नटांच्या तोंडासमोर घिरट्या घालतात आणि नट मात्र जिवाच्या आकांताने घाबरत राहतात. प्रकाशयोजना हा चित्रपटाचा श्वास आहे, हे मला ज्या मोजक्या चित्रपटांनी पटवलं, त्यांत हा एक आहे. उत्तम चित्रपटात सांधे दिसत नाहीत. इथे सगळे सांधे उघडे असतात आणि ते ज्याला वाचता येतात त्यालाच मनापासून हसू येतं.

एड वूडबद्दल नव्याने काही सांगायची गरज नाही. नट बेला लुगोसी गेल्यावर त्याच्या जागी स्वतःच्या बायकोच्या हाडवैद्याला तोंडावर झगा धरून उभं करणाऱ्या माणसाचा चित्रपटावर किती विश्वास असेल, एवढंच लक्षात ठेवावं. ‘द रूम’चं कौतुक मला कधीच कळलं नाही. त्याचा दिग्दर्शक टॉमी वायझो याच्याकडे पैसा मुबलक होता आणि लोक हसायला लागल्यावर त्याने ते सगळं ठरवून केल्याचा आव आणला.

आता आपल्याकडे येऊ. रामसे बंधूंना या रांगेत बसवणाऱ्यांनी ‘पुराना मंदिर’ नीट पाहिलेलाच नाही. ते तरबेज कारागीर होते. मालेगावच्या नासिर शेख यांनाही इथे आणू नये. ‘मालेगाव के शोले’मध्ये विडंबन हाच हेतू होता. यंत्रमागांच्या गावातली तंगी खरी होती आणि त्या तंगीतून विनोद काढायची अक्कलही त्यांची स्वतःची होती. टुकारपणाचं सोंग त्यांनी घेतलेलं नाही.

माझ्या लेखी मनापासून फसण्याच्या कलेचा आपल्याकडचा कळस म्हणजे कांती शाह यांचा ‘गुंडा’ (१९९८). बशीर बब्बर यांच्या संवादांत एकेक खलनायक येतो, आपलं नाव सांगतो आणि नावाला यमक जुळवतो. दशावतारात संकासुर येतो तोही स्वतःची ओळख देत येतो, पण ‘गुंडा’ला ही वाट कुणी दाखवली नव्हती. मुकेश ऋषींचा बुल्ला चित्रपटभर आपलं पालुपद सोडत नाही. बहिणीच्या मरणावर विलाप करतानाही त्याची शब्दांची जुळवाजुळव चालूच राहते आणि ऋषी तो विलाप कुठेही सैल न सोडता, पूर्ण ताकदीने करतात. आपल्या रंगभूमीवर घडलेले मोहन जोशी ‘पोते’ या नावाचा गुंड होऊन येतात आणि एकही ओळ टाकल्यासारखी म्हणत नाहीत. यातल्या एका जरी नटाने डोळा मारला असता तरी चित्रपट तिथेच मेला असता. स्त्रियांबाबतचा यातला ओंगळपणा किळसवाणा आहे, तिथे मला हसू येत नाही. उरलेल्या चित्रपटात मात्र व्यावसायिक हिंदी सिनेमाचा सगळा सांगाडा दिसतो: सूड, बहीण, बाप, पोलीस, राजकारणी. वरचं मांस पैशाअभावी गळून पडलेलं.

आणि या ‘गुंडा’चं आपण काय केलं? अर्ध्या मिनिटाचे तुकडे केले आणि ते मोबाइलवर फिरवले. चित्रपट अख्खा न बघता त्यातल्या ओळी पाठ असलेली एक पिढी तयार झाली. ‘बघायलाच कशाला पाहिजे?’ असं ती म्हणते. पाहिजे! पालुपद दहाव्यांदा येतं तेव्हाचं हसू पहिल्या वेळच्या हसण्याहून वेगळं असतं. ते दोन तासांतच साचतं, तुकड्यात सापडत नाही.

दुसरी बाजू सोज्वळांची. गरिबाच्या धडपडीला हसणं क्रूर आहे, असं ते सांगतात. मग ते करतात काय? तर बघतच नाहीत. २०२३ची ‘सिनेमा मरते दम तक’ ही मालिका याबाबतीत फार सरस ठरली. दिलीप गुलाटी, विनोद तलवार, जे. नीलम आणि किशन शाह यांना तिने पुन्हा एकेक चित्रपट करायला दिला, त्यांना काम करताना दाखवलं आणि हसू आलं तिथे ते दाबलं नाही. नट, तंत्रज्ञ, दिग्दर्शक यांनी घाम गाळून केलेल्या कामाकडे पाठ फिरवणं मला हसण्यापेक्षा कितीतरी जास्त क्रूर वाटतं.

‘मॅनोस’ची मूळ १६ मिलिमीटरची प्रत २०११ मध्ये एका तंत्रज्ञाच्या हाती लागली. लोकांनी वर्गणी काढली आणि खतं विकणाऱ्याचा तो चित्रपट पुन्हा लखलखीत झाला. आपल्यातल्या बहुतेकांनी ‘गुंडा’ पाहिलाय तो धुरकट, कडा कापलेल्या प्रतीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, गावोगावी फिल्म सोसायट्या आहेत. बर्गमनच्या महोत्सवांना आम्ही नेमाने जातो. एक रविवार ‘गुंडा’ला द्या, अख्खा दाखवा, चांगल्या प्रतीवरून दाखवा. नंतर मोहन जोशींना मंचावर बोलवा आणि त्या यमकांचं वजन त्यांनी कसं पेललं, हे त्यांना गांभीर्याने विचारा.