फॅक्स आधी, टेलिफोन नंतर

‘फॅक्सचा शोध टेलिफोनच्याही आधी लागला’ असे सांगून आपण मुलांना चकित करतो. ते खरेच आहे. अलेक्झांडर बेन यांचे पेटंट १८४३ चे, बेल यांचे १८७६ चे. पण तिथेच थांबलो, तर खरी अडचण सांगायची राहून जाते.

चित्र रेघारेघांनी वाचून विजेने पाठवायचे, ही कल्पना बेन यांची. मात्र दोन्ही टोकांच्या सुया एकाच तालात फिरल्या नाहीत, तर पलीकडे चित्र वेडेवाकडे उमटते. इटलीच्या जोव्हान्नी कासेली यांनी लंबकांना घड्याळांची जोड देऊन हा ताल साधला. यंत्र माणसापेक्षा उंच, सुमारे दोन मीटर! १८६५ मध्ये पॅरिस-लियाँ मार्गावर त्याची सेवा सुरू झाली.

प्रश्न होता खर्चाचा. आलेख कागदाच्या १० × १० चौकटींत रोमन ‘के’ काढून पाहा. तो चित्र म्हणून पाठवायचा, तर प्रत्येक चौकट काळी की पांढरी हे शंभर वेळा कळवावे लागेल. मोर्स लिपीत ‘के’ला तीन खुणा पुरतात. कोऱ्या जागेवरूनही सुई फिरणारच, आणि तेवढा वेळ तार अडकून पडणार. म्हणून अक्षराच्या वळणालाच किंमत होती तिथे, मुख्यतः बँकांच्या सह्या पडताळायला, हे यंत्र वापरले गेले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ती सेवा थांबली.