वसंतोत्सवाचे द्वार

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात प्रमदवनातील दोन दासी आंब्याचा पहिला मोहोर खुडतात आणि कंचुकी त्यांना दटावतो. मुद्रिका सापडल्यानंतर पश्चात्तापाने पोळलेल्या दुष्यंताने त्या वर्षीचा वसंतोत्सव बंद केलेला असतो. त्याची आज्ञा वृक्षांनी आणि पाखरांनीही मानली आहे, असे कंचुकी सांगतो. मोहोर आला आहे, पण त्यात पराग धरत नाही. कोकिळाचा स्वर कंठातच अडला आहे. 'मालविकाग्निमित्रा'त कालिदासाने याच उत्सवाची दुसरी बाजू दाखविली आहे. हे नाटक वसंतोत्सवात करावयाचे आहे, असे सूत्रधार प्रस्तावनेतच सांगतो. आणि त्याच्या पहिल्या दोन अंकांचा विषय आहे तो शिष्यांची कला. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून मिटवावा, असे तेथे ठरते. विद्यार्थ्यांची कला, वसंताचा उत्सव आणि तो उत्सव बंद करण्याचा अधिकार या तीन गोष्टींचे नाते असे पुरातन आहे. शांतिनिकेतनातील वसंतोत्सवाविषयी अलीकडे जो प्रश्न उपस्थित झाला आहे, तो या नात्याच्या प्रकाशात तपासून पाहण्याजोगा आहे.

या उत्सवाचा आरंभ एका मुलाने केला. १९०१ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम काढला आणि १९०७ च्या वसंतपंचमीस त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने आश्रमातील मुलांना बरोबर घेऊन ऋतु-उत्सव केला. मुलांनी निरनिराळ्या ऋतूंची सोंगे घेतली. शमी स्वतः वसंत झाला. त्या वेळी तो दहा वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंगेर येथे पटकीने त्याचा मृत्यू झाला. दुष्यंताने शोकाच्या भरात उत्सव बंद केला. या पित्याने तसे केले नाही. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. त्यातील राजा संन्याशाच्या वेषात मुलांच्या खेळात मिसळतो. रवींद्रनाथांच्या ऋतुनाट्यांची परंपरा येथून सुरू होते. आश्रमातील मुलांना करता यावे असे हे नाटक आहे, ही गोष्ट टीकाकारांनी बहुधा केवळ चरित्रातील तपशील म्हणून नोंदविली आहे. वस्तुतः या नाट्यप्रकाराचा रूपबंधच तिच्यातून घडला आहे.

१९२१ साली विश्वभारतीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दरम्यान ऋतु-उत्सव दोलपौर्णिमेशी जोडला जाऊन त्यास वसंतोत्सवाचे निश्चित रूप आले होते. पहाटे वैतालिक, म्हणजे गात गात काढलेली फेरी. नंतर वासंती रंगाची वस्त्रे नेसलेल्या विद्यार्थ्यांची नृत्य करीत निघालेली मिरवणूक. मग गाणी व नृत्ये. आणि अखेरीस कोरड्या अबिराची उधळण, असा त्याचा क्रम. सायंकाळी रवींद्रनाथांचे एखादे नाटक किंवा नृत्यनाट्य व्हावे, अशीही रीत होती. या सर्वांसाठी प्रवेशमूल्य नव्हते, आणि येणाऱ्यास निमंत्रणाचीही गरज पडत नसे. मिरवणुकीच्या सुपरिचित गीतात तर घरात बसलेल्यांना दार उघडून बाहेर येण्याची हाक आहे. उत्सवाचा पहिला उद्गारच दाराविषयी असावा, हा योगायोग नव्हे.

येथे 'मुक्त' या शब्दाच्या अर्थाकडे लक्ष दिले पाहिजे. मराठीत 'मुक्तद्वार' आणि 'फुकट' हे दोन शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच जागी येतात. त्यांतील अंतर मात्र मोठे आहे. जी वस्तू मोल देऊन घ्यावयाची, तिचे मोल माफ केले म्हणजे ती फुकट होते. घेणारा तरीही घेणाराच राहतो. मुक्तद्वार भोजनात किंवा कीर्तनात आत येणारा मनुष्य ग्राहक नसतो, त्याला तेथे एक स्थान असते. कीर्तनात बुवांनी गजर सुरू केला की श्रोत्याला टाळी धरावी लागते. श्रोत्याच्या टाळीवाचून कीर्तन उभे राहत नाही, आणि म्हणून त्या टाळीला मोल लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शांतिनिकेतनातील वसंतोत्सव मुक्त होता तो या अर्थाने.

हा अर्थ रवींद्रनाथांच्या नाट्यविचाराशी पूर्णतः जुळणारा आहे. १९०२ मध्ये लिहिलेल्या 'रंगमंच' या निबंधात त्यांनी रंगविलेल्या पडद्यांच्या आणि अवजड नेपथ्याच्या विलायती हव्यासावर टीका केली. बंगालच्या जात्रेत नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये मोठे अंतर नसते. परस्परांच्या विश्वासावर तेथे प्रयोग चालतो, हे त्यांना मोलाचे वाटे. दुष्यंताचा रथ धावतो हे प्रेक्षकाने कल्पनेने पाहावयाचे असते, त्यासाठी रथ आणून दाखविण्याचे कारण नाही. तात्पर्य असे की प्रयोगाचा अर्धा भाग प्रेक्षकाच्या ठिकाणी घडतो. हा भाग ज्याने उचलावयाचा, त्याला तिकीट विकणे किंवा दाराबाहेर ठेवणे या दोन्ही गोष्टी कलादृष्ट्याच विसंगत ठरतात.

याचा उत्तम पुरावा 'फाल्गुनी' या नाटकात सापडतो. १९१५ साली आश्रमात त्याचा प्रयोग झाला. तरुणांची एक टोळी हिवाळ्याच्या म्हाताऱ्याला पकडावयास निघते; आंधळा बाऊल त्यांना वाट दाखवितो; आणि गुहेतून अखेर जो बाहेर येतो तो म्हातारा नसून नवेपणच असते. कथानक एवढेच. प्रत्येक दृश्यापूर्वी एक गीतिभूमिका येते, तीत वेळू, पाखरे, फुले गाऊ लागतात. पुस्तकात वाचताना या गीतिभूमिका सैल वाटतात आणि नाटकाची गती अडवितात. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अवतार वाचणाऱ्यास ही अडचण विशेष जाणवते, कारण तेथे सुरांचा आधार सुटलेला आहे. अनुवादकाच्या दृष्टीने हा मोठा कसोटीचा प्रसंग होय. शब्द आणता येतात. परंतु ज्या मुलांनी ती गाणी आश्रमाच्या वाटांवर पहाटे गायिलेली असत आणि जे ऐकणारे ती आधीच जाणत असत, त्यांचा समुदाय भाषांतरात येत नाही. 'फाल्गुनी'चा रूपबंध नाट्यगृहाचा नसून उत्सवाचा आहे. नाट्यगृहाचे निकष लावून त्यास विस्कळित म्हणणाऱ्या टीकेने हा भेद ध्यानात घेतलेला नाही.

१९१६ च्या जानेवारीत कलकत्त्यास जोडासांको येथे याच नाटकाचा प्रयोग बांकुड्याच्या दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ झाला, आणि त्या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी 'वैराग्यसाधन' हा पूर्वरंग नव्याने लिहिला. कानाजवळचा पांढरा केस पाहून एक राजा विरक्त होऊ पाहतो. दाराशी दुष्काळाने गांजलेली प्रजा आक्रोश करीत उभी असते आणि राजाला तो आक्रोश नको असतो. कवी त्याला त्या खोट्या वैराग्यातून जागा करतो. जो पैसा प्रयोगातून जमावयाचा होता, त्याचे कारणच असे नाटकाच्या आत येऊन उभे राहिले. हा प्रयोग विनामूल्य नव्हता. तरीही तो मुक्तद्वार होता, कारण दाराबाहेरचा माणूस त्याच्या अर्थात सामील करून घेतला होता. मूल्य घेणे वा न घेणे हा प्रश्न दुय्यम असून दाराबाहेरच्याला कोणते स्थान दिले जाते हाच मुख्य प्रश्न होय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दृश्यकलांच्या बाबतीतही हेच तत्त्व दिसते. १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बसू यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थी आश्रमाच्या उत्सवांची सजावट करू लागले. सुकुमारी देवींनी बंगालच्या खेड्यांतील स्त्रियांची आलपना तेथे आणली. घराच्या उंबरठ्यावरील व्रताची रेखा उत्सवाच्या प्रांगणात आली. ही रेखा एका दिवसासाठी असते आणि तिच्यावर कोणाची सही नसते. संगीत, नृत्य आणि चित्र यांच्या सीमा अशा वातावरणात सहज ओलांडल्या जात. १९२६ साली शांतिनिकेतनात 'नटीर पूजा' झाले, तेव्हा श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली. भद्र घरातील मुलीने लोकांसमोर नाचावे हे त्या काळी सोपे नव्हते. पुढे १९४२ मध्ये नंदलालांनी तो विषय चीनभवनाच्या भिंतीवर चितारला. विद्यार्थिनीचे नृत्य पित्याच्या भित्तिचित्रात स्थिरावले, आणि तेही प्रदर्शनाच्या दालनात न जाता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर राहिले.

महाराष्ट्राचे या परंपरेशी नाते आहे. पंडित भीमराव शास्त्री यांनी आश्रमात संगीत शिकविले. कोल्हापूरचे विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. पु. ल. देशपांडे यांनी बंगालीसाठी तेथे मुक्काम केला आणि 'वंगचित्रे'मुळे मराठी वाचकाच्या मनात त्या स्थळाविषयी जिव्हाळा निर्माण झाला. तथापि आपल्याकडील विद्यार्थिकलेची घडण निराळ्या दिशेने झाली. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि १९६३ पासून पुण्यात चालत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा यांनी मराठी रंगभूमीस अनेक नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले. हे ऋण मोठे आहे. पण तेथे विद्यार्थी परीक्षकासमोर उभा असतो, आणि प्रेक्षागृहातील समुदाय आपल्या महाविद्यालयाचा पक्ष घेऊन बसलेला असतो. कालिदासाने ही स्पर्धा ओळखली होती. मालविकेचे नृत्य परिव्राजिकेच्या परीक्षकत्वाखाली होते, परंतु स्पर्धा हे केवळ निमित्त असते, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. स्पर्धा संपते तेथे निर्णय उरतो, उत्सव संपतो तेथे समाज उरतो. विद्यार्थ्याच्या घडणीत या दोहोंचीही गरज आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रकारचे जे थोडे नमुने देशात आहेत त्यांची चिंता वाहिली पाहिजे.

ही चिंता आज अनाठायी नाही. वसंतोत्सवाची कीर्ती वाढली तशी गर्दीही वाढत गेली. आम्रकुंजाच्या आणि गौरप्रांगणाच्या मापाचा उत्सव मोठ्या मैदानात न्यावा लागला. पळसाच्या फुलांसाठी फांद्या ओरबाडल्या जाऊ लागल्या, रस्ते तुंबले, आणि गाणे ऐकण्यापेक्षा छायाचित्र घेण्याची घाई अधिक दिसू लागली. २०२० साली महामारीमुळे उत्सव रद्द झाला. त्यानंतर त्याचे जुने मुक्त स्वरूप परतले नाही. २०२३ मध्ये दोलपौर्णिमेच्या आधीच, विश्वभारतीच्या मंडळींपुरती, 'वसंतवंदना' झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युनेस्कोने शांतिनिकेतनास जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. बाहेरून येणारे लोक मात्र थांबलेले नाहीत. दोलाच्या दिवशी ते सोनाझुरीच्या बनात आणि आसपास आपापला वसंतोत्सव साजरा करतात.

बंदीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते हसण्यावारी नेता येणार नाही. लाखोंच्या लोंढ्यात विद्यार्थ्याचे नृत्य दिसत नाही, त्याचे गाणे ऐकू येत नाही, आणि मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर येते. ज्या गर्दीला वैतालिकाचे एकही गीत येत नाही, ती या उत्सवाचा अर्धा भाग उचलू शकत नाही. ती केवळ पाहते. तेव्हा द्वार लावले गेले त्याच्या आधीच उत्सवाचे प्रदर्शन झाले होते, असे म्हणणे भाग आहे. पण या निदानावर बंद द्वाराची मात्रा लागू पडत नाही. प्रेक्षकाला सहभागी करता आले नाही म्हणून त्याला वगळले, तर उरते ती विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेली रंगीत तालीम. तीत कौशल्य असेल, शिस्त असेल, परंतु दार उघडा अशी हाक देणारे गीत बंद दारामागे गावयाचे, ही विसंगती कोणत्याही कौशल्याने झाकता येणार नाही. कंचुकीने वर्णिलेल्या त्या आंब्यासारखी ही अवस्था आहे. मोहोर येतो, पराग धरत नाही.

या पेचात हरवली आहे ती यजमानाची भूमिका. शमीच्या काळी आणि पुढेही पुष्कळ वर्षे आश्रमातील प्रत्येक विद्यार्थी कलावंत होता तसाच यजमानही होता. आलेल्याला मिरवणुकीत घेणे, त्याच्या कपाळी अबीर लावणे, त्याच्या ओठी गाणे देणे हे त्याच्या कलाशिक्षणाचेच अंग होते. उत्सवाचे माप माणसांच्या संख्येवरून ठरवावयाचे की यजमानांच्या आवाक्यावरून, हा विचार व्हावयास हवा. एका मैदानातील एकाच मोठ्या सोहळ्याऐवजी पूर्वीसारखी अनेक लहान प्रांगणे, फेरीत चालू इच्छिणाऱ्यास आदल्या दिवसांत गाणी शिकविण्याची सोय आणि मंचाच्या उंचीचा त्याग, अशा वाटा या परंपरेच्या आतूनच निघतात. त्या अवघड आहेत हे खरे. परंतु विद्यार्थ्याला केवळ कलाकार करणाऱ्या संस्था देशात अनेक आहेत आणि त्याला यजमान करणाऱ्या फार थोड्या.

'शाकुंतला'त वसंतोत्सवाची बंदी उठल्याचे कोठेही सांगितलेले नाही. सातव्या अंकात दुष्यंत मारीचाच्या आश्रमात येतो, तेव्हा सिंहाच्या छाव्याशी खेळणारे एक मूल त्याच्या दृष्टीस पडते, आणि राजाच्या आयुष्यात जे थिजलेले असते ते पुन्हा वाहू लागते. शांतिनिकेतनाचा वसंतोत्सवही आश्रमातील एका मुलाच्या खेळातूनच निघाला. त्या मुलाने आपल्याभोवती जी मुले गोळा केली, त्यांत बघ्याचे काम कोणालाच दिलेले नव्हते.