‘१० किमीपेक्षा जास्त’ म्हणजे नक्की किती? गडचिरोलीची जनगणना पुस्तिका तपासून वाचू



संशोधन प्रस्तावात ‘अभ्यासक्षेत्र’ नावाचा भाग आपण बहुतेक जण एका परिच्छेदात उरकतो. क्षेत्रफळ, लोकसंख्या, तालुके, चतुःसीमा, झालं! ही माहिती साधारणपणे जिल्हा जनगणना पुस्तिकेतून उचललेली असते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून आजही आपला आधार २०११ चीच पुस्तिका आहे. एखादा शोधनिबंध तपासतो तशी ही पुस्तिका तपासली तर काय दिसतं? उदाहरण म्हणून गडचिरोली घेऊ, कारण सीमेवरच्या ग्रामीण जिल्ह्यात अशा पुस्तिकेची ताकद आणि मर्यादा दोन्ही चटकन लक्षात येतात.

आधी जमेची बाजू. १२ तालुके, १४,४१२ चौ. किमी क्षेत्र, १०,७२,९४२ लोकसंख्या, आणि या सगळ्याची गावनिहाय नोंद. प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक आहे. शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी यांचे रकाने आहेत. जंगलातल्या चार घरांच्या गावालाही त्यात स्वतःची ओळ मिळते. ओसाड पडलेली रिठी गावंसुद्धा सुटत नाहीत. इतकी सलग माहिती दुसरीकडे मिळणं अवघड आहे, त्यामुळे ‘सरकारी आकडे कुचकामी’ असं म्हणून मोकळं होता येणार नाही.

आता पहिला आक्षेप. एखादी सुविधा गावात नसेल तर पुस्तिका अंतर किलोमीटरमध्ये देत नाही, अक्षर देते. ५ किमीच्या आत असेल तर ए, ५ ते १० किमी असेल तर बी, १० च्या पुढे असेल तर सी. बारामतीसारख्या तालुक्यात हे तीन गट पुरतीलही. गडचिरोलीत काय होतं ते एका साध्या गणितातून बघू. आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. जिल्ह्याची घनता दर चौ. किमीला ७४. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे २७० चौ. किमी क्षेत्र येतं. हे क्षेत्र अगदी गोल मानलं आणि केंद्र बरोबर मध्यभागी बसवलं, तरी कडेचं गाव सरळ रेषेत ९ किमीवर पडतं. प्रत्यक्ष रस्ता सरळ नसतो आणि केंद्रही मध्यभागी नसतं. थोडक्यात, निकष तंतोतंत पाळला तरी कितीतरी गावं ‘सी’मध्ये जाणारच. ज्या खान्यात ११ किमीचं गाव आणि ६० किमीचं गाव शेजारी बसतात, तो खाना आपल्याला नेमकं काय सांगतो?

त्यात हे अंतर बारमाही एकच धरलेलं असतं. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात बातम्यांत येतं. मार्चमधला ‘बी’ ऑगस्टमध्ये ‘सी’ होतो असंही म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी रस्ताच नसतो. त्यासाठी पुस्तिकेत अक्षरच नाही.

दुसरा आक्षेप सीमेचा. गडचिरोलीच्या कडेने वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती वाहतात. नकाशावर या नद्या जिल्ह्याच्या रेषा होतात आणि पलीकडे कोरा कागद. सिरोंच्याचंच बघा. जिल्ह्याचं ठिकाण तिथून सुमारे २०० किमी, आणि पूल ओलांडला की समोर तेलंगणातलं कालेश्वरम. बाजार, नातीगोती, तेलुगू बोलणं, सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं. इंग्रजांच्या काळात अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा होता, त्याचं मुख्य ठिकाण सिरोंचाच होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याच्या टोकाला गेलं. नद्या जागच्या जागीच राहिल्या. जे कधीकाळी केंद्र होतं ते ‘दुर्गम टोक’ झालं, ते प्रशासकीय रेषा हलल्यामुळे.

याचा परिणाम आजच्या प्रश्नांवरही होतो. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं उद्घाटन २०१९ मध्ये झालं. त्याच्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातली शेती बुडते, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. बंधारा एका राज्याचा, बुडणारी जमीन दुसऱ्या राज्यात. फक्त गडचिरोलीची पुस्तिका घेऊन बसलात तर कारण एका पुस्तकात आणि परिणाम दुसऱ्या पुस्तकात, अशी अवस्था होते.

तिसरा आक्षेप काळाचा. १९८१ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्हाच सापडणार नाही, कारण तो चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. पलीकडे तर आणखी उलथापालथ. २०११ ला आदिलाबाद हा एक जिल्हा होता, २०१६ मध्ये त्याचे चार झाले. छत्तीसगडमधले बिजापूर आणि नारायणपूर २००१ च्या जनगणनेत स्वतंत्र जिल्हे म्हणून नाहीत, ते २००७ चे. जिल्ह्याचं नाव बघून दोन जनगणनांची तुलना केलीत, तर लोकसंख्या ‘घटलेली’ दिसेल आणि प्रत्यक्षात एक माणूसही हललेला नसेल.

मग पुस्तिका वापरायची नाही का? वापरायचीच. ती मोजणीसाठी आणि प्रशासनासाठी बनली आहे, आणि ते काम ती चोख करते. गडबड आपण करतो. ‘सी’ हे अक्षर उचलतो, त्याला ‘दुर्गमता निर्देशांक’ असं भारदस्त नाव देतो आणि प्रतिगमनाच्या समीकरणात टाकतो. पुढे त्यावरून आरोग्य केंद्र कुठे हवं, याच्या शिफारशीही लिहितो. चुकीच्या खान्यात पडलेल्या गावातल्या बाळंतिणीला ते अक्षर महागात पडू शकतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी करा. एक, अंतराच्या अक्षराऐवजी रस्त्याने लागणारा वेळ काढा, आणि तो उन्हाळ्याचा व पावसाळ्याचा वेगवेगळा. दोन, अभ्यासक्षेत्राभोवती निदान २५-३० किमीचा पट्टा घ्या, मग तो परराज्यात गेला तरी चालेल. तीन, जुने-नवे जिल्हे जुळवताना तालुका किंवा गाव पातळीवर उतरा आणि कुठली रेषा कधी बदलली याचा तक्ता परिशिष्टात द्या.

काम वाढेल, हे खरं आहे. पण मौखिक परीक्षेत ‘हाच जिल्हा एकक म्हणून का घेतला?’ असं कुणी विचारलं, तर ‘आकडे जिल्ह्याचेच मिळाले’ हे उत्तर पुरणार नाही. तुमच्या अभ्यासक्षेत्राची रेषा कुणी, कधी आणि कशासाठी आखली होती, ते आजच शोधायला घ्या.