गुंड्राडेचे पितृत्व : एका राजवंशीय नात्याची छाननी

इंग्लंड जिंकून घेणारा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्या बरोबरीच्या सरदारांत विल्यम द वॉरेन याची गणना होते. त्याची पत्नी गुंड्राडा २७ मे १०८५ रोजी मरण पावली. तिचा पिता कोण, हा प्रश्न वरवर पाहता फारच लहान आहे. तथापि ती विजेत्या विल्यमची औरस कन्या होती, असे इंग्लंडमधील वंशावळीचे ग्रंथ कित्येक पिढ्या निःशंकपणे सांगत आले, आणि वॉरेन कुळाशी नाते सांगणाऱ्या असंख्य घराण्यांनी त्याच वाटेने आपला संबंध राजरक्ताशी जोडून घेतला. ही एक कडी निखळली की तिच्यावर टांगलेली सर्व नावे एकदमच खाली येतात. मध्ययुगीन कुलेतिहासात पुरावा कसा तोलावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

या समजुतीचा उगम ससेक्समधील ल्यूइस येथील मठात आहे. वॉरेन पतिपत्नींनी १०७७ च्या सुमारास हा मठ स्थापन केला. क्लूनी संप्रदायाचा इंग्लंडमधील हा पहिला मठ होय. मठाच्या दानपत्रांत दोन ठिकाणी प्रस्तुत नात्याचा उल्लेख येतो. नॉरफोकमधील वॉल्टन हे गाव मठास देणाऱ्या राजाच्या दानपत्रात गुंड्राडेच्या नावापुढे 'माझी कन्या' अशा अर्थाचे शब्द आहेत; आणि खुद्द वॉरेनच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या दानपत्रात राणी मटिल्डा हिला 'माझ्या पत्नीची माता' म्हटले आहे. दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींना दुजोरा देत आहेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पहिल्या दानपत्रातील ते शब्द मूळ मजकुराचे नसून मागाहून घातलेले आहेत, असा निर्णय अभ्यासकांनी दिला. दुसरे दानपत्र तर केवळ मठाच्या दप्तरवहीत उतरलेले आहे, आणि ती वही १४४४ सालची, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी सिद्ध झालेली. तेव्हा साक्षी दोन असल्या तरी साक्षीदार एकच; आणि आपली संस्थापिका राजकन्या ठरण्यात त्या साक्षीदाराचा उघड लाभ होता. मठाच्या लेखनिकांवर हेतुपुरस्सर लबाडीचा आरोप करण्याची गरज नाही. आपल्या संस्थेची थोरवी मनापासून मानणारा माणूसही कागदावर असा एखादा शब्द सहज वाढवतो.

१८४५ साली लोहमार्गासाठी मठाच्या अवशेषांतून खोदकाम चालू असता शिशाच्या दोन लहान पेट्या सापडल्या. त्यांत अस्थी होत्या, आणि पेट्यांवर गुंड्राडा व विल्यम ही नावे कोरलेली होती. या शोधाने प्रश्नाला नवी धार आली. तिचा कोरीव समाधिपाषाण त्यापूर्वीच, अठराव्या शतकात, आयस्फील्डच्या चर्चमध्ये दुसऱ्याच एका थडग्यावर बसविलेला आढळला होता. तो बाराव्या शतकातील असून त्यावरील लेखात तिला ड्यूकांच्या कुळातली म्हटले आहे. राजाची कन्या म्हटलेले नाही. मृताची स्तुती करण्यासाठीच जो लेख रचला गेला, त्याने राजकन्यापद हातचे सोडले असेल, हे संभवनीय वाटत नाही. हे मौन दानपत्रांतील त्या शब्दांपेक्षा अधिक बोलके आहे.

पेट्या सापडल्याच्या पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, टॉमस स्टेपलटन याने या समजुतीवर पहिला पद्धतशीर घाव घातला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिणारा इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हिटालिस गुंड्राडेला गेर्बोडची बहीण म्हणतो. हा फ्लेमिश सरदार गेर्बोड काही काळ चेस्टरचा अर्ल होता. यावरून गुंड्राडा विजेत्या विल्यमची कन्या असणे शक्य नाही, हे स्टेपलटनने बरोबर ओळखले. मात्र मठाच्या कागदांना सर्वस्वी नाकारण्याचा धीर त्याला झाला नाही. मटिल्डेचा विल्यमशी विवाह होण्यापूर्वी सेंट-बर्तिन मठाचा संरक्षक असलेल्या थोरल्या गेर्बोडशी तिचे लग्न झाले होते, आणि गुंड्राडा व धाकटा गेर्बोड ही त्या पहिल्या लग्नाची अपत्ये होत, अशी तोड त्याने काढली. या कल्पनेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. १०४९ च्या रीम्स येथील धर्मसभेने विल्यम व मटिल्डा यांच्या विवाहास मनाई का केली, हे एक कोडेच होते. मटिल्डेचा पहिला पती हयात होता असे मानले, की तेही सुटते. एका गृहीतकाने दोन गाठी सुटत असल्या, की ते गृहीतक आहे याचा विसर पडू लागतो. वास्तविक मटिल्डेच्या या पहिल्या विवाहास कोणत्याही समकालीन लेखाचा आधार नव्हता.

तरीही ही तोड मान्यता पावली. नॉर्मन विजयाचा मोठा इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यानेदेखील आपल्या ग्रंथात ती स्वीकारली. याच फ्रीमनने १८७७ साली वंशावळी रचणाऱ्यांवर कठोर टीका करणारा निबंध लिहिला होता, हे येथे लक्षात ठेवावे. सरदार घराण्यांच्या दंतकथा त्याला सहज दिसल्या. विद्वानाने कौशल्याने रचलेली दंतकथा दिसावयास वेळ लागला.

निर्णायक पुरावा शेवटी आला तो अनपेक्षित बाजूने. कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याच्या पत्रसंग्रहात राजा पहिला हेन्री यास लिहिलेले एक पत्र आहे. हेन्रीने आपली एक अनौरस कन्या दुसऱ्या विल्यम द वॉरेनला, म्हणजे गुंड्राडेच्या पुत्राला, देण्याचे ठरविले होते, आणि त्याबाबत आर्चबिशपचा सल्ला विचारला होता. वधूवर एका बाजूने चौथ्या व दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत नातलग असल्याने हा विवाह धर्मास संमत नाही, असे आन्सेल्मने कळविले. त्या काळी चर्चचा निर्बंध सात पिढ्यांपर्यंत पोहोचत होता. तो चार पिढ्यांवर आला तो १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत. आपल्याकडील सापिंड्यविचाराशी परिचय असलेल्या वाचकाला या मोजणीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

आता गुंड्राडा मटिल्डेची कन्या असती तर काय झाले असते, ते पाहावे. हेन्री हा मटिल्डेचाच पुत्र. म्हणजे तो व गुंड्राडा सख्खी, निदान एका आईची भावंडे ठरली असती, आणि वधूवर आत्तेमामे भावंडे. दुसऱ्या पिढीतले इतके जवळचे आणि राजदरबारात सर्वांना ठाऊक असलेले नाते सोडून चौथ्या व सहाव्या पिढीची दूरची गणना आन्सेल्मने केली असती, असे मानणे अशक्य आहे. एडमंड चेस्टर वॉटर्स याने १८८४ मध्ये गुंड्राडेवर लिहिताना दोन्ही मतांचे खंडन केले. १८८८ मध्ये फ्रीमननेही सर्व पुरावा पुन्हा तपासून, गुंड्राडा विल्यमची कन्या नव्हती आणि मटिल्डेचीही नव्हती, असे जाहीरपणे मान्य केले. आपले छापील मत अशा रीतीने मागे घेणे ही विद्वानांत सुलभ गोष्ट नव्हे. फ्रीमनला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

या पत्राचे बळ कशात आहे? आन्सेल्म गुंड्राडेच्या कुळाविषयी लिहीतच नव्हता. तिचे नावही तो घेत नाही. त्याला एक विवाह थांबवावयाचा होता, आणि नाते जितके जवळचे दाखविता येईल तितके त्याला हवेच होते. मठाच्या लेखनिकाचा स्वार्थ राजकन्येच्या बाजूने होता. आन्सेल्मचे प्रयोजनही त्याच दिशेने ओढणारे असून त्याने ते नाते सांगितले नाही, म्हणून ते नव्हते. केवळ मौनावर उभारलेले अनुमान एरवी दुबळे असते. येथे मात्र बोलण्याचे कारणही होते आणि बोलणाऱ्याला माहितीही होती.

सर्वांत विलक्षण बाब अशी की वॉरेन कुळाला या उसन्या राजरक्ताची गरजच नव्हती. हेन्रीच्या कन्येशी ठरलेला विवाह मोडल्यावर दुसऱ्या विल्यमने कालांतराने व्हर्माँद्वाच्या इसाबेलशी लग्न केले. ती फ्रान्सचा राजा पहिला हेन्री व कीव्हची आना यांची नात, आणि आईच्या बाजूने शार्लमेनच्या वंशातील. या दांपत्याची कन्या एडा हिचा विवाह १९३९ पूर्वी आठशे वर्षे, ११३९ मध्ये, स्कॉटलंडच्या राजपुत्र हेन्रीशी झाला. तिचे दोन पुत्र, चौथा माल्कम व विल्यम, क्रमाने स्कॉटलंडचे राजे झाले. हे सर्व भरभक्कम पुराव्याने सिद्ध आहे. असे असता वंशावळकारांनी शतकानुशतके जिच्यावर भिस्त ठेवली ती कडी मात्र खोटी निघाली.

आन्सेल्मच्या आकड्यांतून एक प्रश्न अद्याप उरतो. त्याने सांगितलेले नाते कोणत्या पूर्वजाकडून आले? चौथी व सहावी पिढी ही दोन वेगळी नाती नसून एकाच पूर्वजापासून दोन्ही बाजूंनी केलेली मोजणी होय, असे मानले तर हिशेब चांगला जुळतो. विजेत्या विल्यमची पणजी गनोर हिच्या पित्यापासून हेन्रीची कन्या सहावी येते. आणि गनोरच्या बहिणीची मुलगी पहिल्या वॉरेनची माता धरल्यास दुसरा विल्यम बरोबर चौथा येतो. टोरिग्नीचा रॉबर्ट यानेही वॉरेन कुळाचा संबंध गनोरच्या भाच्यांशी जोडला आहे. परंतु त्याचे तपशील गोंधळाचे असल्याने त्याच्या साक्षीवर एकटीवर भार टाकता येत नाही. १९३३ मध्ये लॉइड याने वॉरेन कुळाच्या उगमाचा शोध घेताना नॉर्मन दानपत्रांचा आधार घेऊन पहिल्या वॉरेनचा पिता रोदुल्फ ठरविला. १९९३ मध्ये कीट्स-रोहन यांनी दानपत्रांतील रोदुल्फ हे एक नसून पितापुत्र दोघे असावेत, असे मत मांडले. तसे असेल तर मध्ये एक पिढी वाढते, आणि आन्सेल्मची चौथी पिढी कोठून मोजावी याचा विचार नव्याने करावा लागतो.