गोळी, घर आणि सदसद्विवेक : डेव्हिड लॉज यांच्या दोन कादंबऱ्या

विवाहित जीवनातील काही प्रश्न आपली कॅथलिक मंडळी कुमसाराच्या जाळीपलीकडे सहसा नेत नाहीत. संततिनियमनाची गोळी हा त्यांपैकी एक. इंग्लंडच्या डेव्हिड लॉज यांनी मात्र तो कादंबरीत आणला, आणि तोही हसत हसत. जानेवारी २०२५ मध्ये ते निवर्तले. त्या निमित्ताने त्यांच्या दोन कादंबऱ्या आम्ही पुन्हा एकापाठोपाठ वाचल्या.

'द ब्रिटिश म्यूझियम इज फॉलिंग डाउन' ही पहिली कादंबरी १९६५ची. गोळीला संततिनियमनासाठी अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली होती, पुढच्याच वर्षी ती ब्रिटनमध्ये आली. ही गोळी बीजमोचनच थांबवते. तेव्हा तिला निसर्गाच्या चक्राचाच विस्तार का मानू नये, असा बोस्टनचे कॅथलिक डॉक्टर जॉन रॉक यांचा युक्तिवाद होता. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे हा प्रश्न होता आणि घरोघरी जोडपी निकालाची वाट पाहत होती.

कादंबरीचा नायक अॅडम अॅपलबी हा त्यांतलाच एक. संशोधक विद्यार्थी, तीन मुले, तुटपुंजी मिळकत, आणि पत्नी बार्बरा चौथ्यांदा गरोदर तर नाही ना, ही धास्ती. थर्मामीटर, तक्ते, 'सुरक्षित' दिवसांचे गणित. या साऱ्यावर लॉज मनसोक्त हसतात. आपण पोप झालो आहोत, असे दिवास्वप्नही अॅडम पाहतो! पण देह बार्बराचा, तक्ता तिच्या देहाचा, आणि दिवसभर चिंता सांगणार कोण, तर नवरा. बार्बराला स्वतःचा आवाज मिळतो तो अगदी शेवटच्या पानांत. हा आम्हाला कादंबरीचा दोष वाटतो. तरीही तीच पाने सर्वांत सरस उतरली आहेत. त्या अर्धवट झोपेतल्या बोलण्यात थकवा आहे, माया आहे आणि आशाही आहे.

ती आशा फळली नाही. आयोगातील बहुसंख्यांनी बदलाची शिफारस केली होती. परंतु पोप सहावे पॉल यांनी जुलै १९६८ मध्ये 'हुमाने व्हिते' या परिपत्रकाद्वारे पूर्वीचीच शिकवण कायम ठेवली.

'हाऊ फार कॅन यू गो?' (१९८०) ही दुसरी कादंबरी या निर्णयाच्या सावलीत लिहिलेली आहे. १९५२ च्या फेब्रुवारीतील एका सकाळी लंडनमध्ये काही विद्यार्थी मिस्सेला जमतात. तेथून लॉज त्यांच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीचा माग घेतात. शीर्षकातील प्रश्न आरंभी प्रेमिकांचा आहे : लग्नापूर्वी जवळीक कुठवर चालेल? हळूहळू तो श्रद्धेचा होतो. एका बाबतीत आपण सदसद्विवेकबुद्धीने निर्णय घेतला, तर मग दुसऱ्या बाबतीत का नको? आणि थांबायचे कुठे? गोळीच्या वादाने सामान्य प्रापंचिकाच्या मनात नेमके काय हलवले, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात नाही. आज्ञापालनाची सवय एकदा सुटली, की ती एकाच प्रश्नापुरती सुटत नाही, हे लॉज यांनी ओळखले आहे.

डेनिस आणि अँजेला यांच्या घरी डाऊन्स सिंड्रोम असलेली मुलगी जन्मते. पुढे त्यांची दुसरी मुलगी अपघातात जाते. येथे लेखकाचे हसू थांबते. एरवी कथेत मध्येच येऊन गप्पा मारणारा हा निवेदक येथे संकोचतो, आणि त्या संकोचातच आम्हाला त्याचा खरेपणा दिसला.

एक तक्रार मात्र उरतेच. लॉज यांच्या जगात ही शिकवण पाळणारी माणसे भीतीने किंवा सवयीने ती पाळतात. समजून-उमजून, एकमेकांच्या संमतीने ती पाळणारी जोडपी आपल्या धर्मग्रामांत आम्ही पाहिली आहेत; त्यांच्यासाठी या कादंबरीत जागा नाही. उलट, ज्या मोकळिकीची पात्रांनी वाट पाहिली, ती मिळाल्यावरही त्यांचे संसार डळमळतात, हे लॉज प्रामाणिकपणे लिहितात.

दोहोंपैकी एकच वाचायची झाल्यास दुसरी घ्यावी. तिच्या अखेरच्या प्रकरणातील दूरदर्शन कार्यक्रमाची संहिता थोडी कंटाळवाणी आहे, पण ती सोडू नये. १९७८ मध्ये पोलंडचे पोप निवडले गेल्याची बातमी तिच्यानंतरच येते, आणि तेथेच कादंबरी संपते.