‘स्पष्ट पुरावा’ : एका उंदीर-प्रयोगाचे परीक्षण

मोबाइल फोनच्या प्रारणामुळे कर्करोग होतो काय, या प्रश्नावरील प्राणिप्रयोगांचे अंतिम अहवाल अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम या संस्थेने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. नर रॅटच्या हृदयातील श्वानोमा या मारक अर्बुदांबाबत ‘स्पष्ट पुरावा’ मिळाल्याचा निर्वाळा त्यांत आहे. या दोन शब्दांचा कोणी धसका घेतला, तर कोणी ते हसण्यावारी नेले. अभ्यासकाने मात्र शब्दांआधी कोष्टके पाहावीत.

प्रयोगाची मांडणी काळजीपूर्वक झाली आहे, यात शंका नाही. रॅटना गर्भावस्थेपासून दोन वर्षे, रोज सुमारे नऊ तास, सर्वांगावर ९०० मेगाहर्ट्झचे प्रारण दिले गेले. मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅमला १.५, ३ व ६ वॉट अशा होत्या. सर्वोच्च मात्रेला जीएसएम प्रणालीत ९० पैकी ५ आणि सीडीएमए प्रणालीत ६ नरांस हृदयार्बुद झाले. नियंत्रण गटात एकासही नाही. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच वर्षी इटलीतील रामाझिनी इन्स्टिट्यूटलाही, बऱ्याच सौम्य प्रारणाच्या प्रयोगात, नर रॅटमध्ये याच अर्बुदांची वाढ आढळली, हेही ध्यानात घ्यावे लागते.

परंतु तुलनेचा दुसरा पाय लंगडा आहे. दोन्ही प्रणालींसाठी नियंत्रण गट एकच होता, आणि त्यातील अवघे २८ टक्के नर दोन वर्षे जगले. प्रारण मिळालेले नर त्यांच्याहून अधिक जगले. उतारवयात उद्भवणारे अर्बुद आधीच मेलेल्या प्राण्यात कोठून दिसणार? आयुर्मानातील या फरकाची सांख्यिकीय दुरुस्ती अहवालकर्त्यांनी केली आहे, हे खरे. परंतु ज्या तुलनेचा सारा भार एका शून्यावर आहे, तिला अशा दुरुस्तीने पुरते बळ येत नाही. शिवाय माद्यांत व माऊस जातीत पुरावा संदिग्धच राहिला.

‘स्पष्ट’ ही या संस्थेच्या पुराव्याच्या श्रेणींतील सर्वोच्च श्रेणी आहे. ती अमुक प्राणी व अमुक मात्रा यांपुरती बोलते. माणसाच्या धोक्याचे ते माप नव्हे. फोन कानाशी असतो, प्रयोगातील प्रारण मात्र सर्वांगावर होते; आणि त्याची सर्वांत कमी मात्राच माणसाच्या शरीराच्या एखाद्या भागासाठी मान्य असलेल्या कमाल मर्यादेच्या जवळपास होती.

सारांश, हा निष्कर्ष फेटाळण्याजोगा नाही आणि माणसाला जसाच्या तसा लावण्याजोगाही नाही. पुनर्प्रयोग करणाऱ्याने प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र व पुरेसा दीर्घायुषी नियंत्रण गट ठेवावा. या अहवालाचा खरा धडा तोच आहे.